बेचाळीस ते सत्तर : अहिल्याबाईंच्या उत्तरायुष्याचा हिशेब (थ्रेड)

१/
नांदेडहून वसमतमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर गेले की औंढा नागनाथ लागते. मंदिराला प्रदक्षिणा घालताना नजर सावकाश खालून वर न्यावी. खालचा भाग यादवकालीन आहे. काळसर दगडावर देवदेवता, सुरसुंदरी, पशुपक्षी यांची दाट कोरीव रांग. वरचे शिखर मात्र पांढरे आणि पुष्कळ साधे. मंदिराची मधल्या काळात मोठी पडझड झाली आणि अठराव्या शतकात जीर्णोद्धार झाला, त्याची ही खूण. जीर्णोद्धार कोणी केला, हे औंढ्यात कोणालाही विचारा. पुजाऱ्यापासून फुलवाल्या मावशीपर्यंत सगळे एकच नाव सांगतात : अहिल्याबाई होळकर.

२/
नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्यापुढचे तीन प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. औंढ्याचा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि होळकरांची राजधानी दूर नर्मदाकाठी महेश्वरला. मग दुसऱ्याच्या राज्यात हे काम झाले कसे? त्यासाठी लागलेला पैसा कोणाचा? आणि काम करवून घेणाऱ्या बाईंचे वय तेव्हा काय होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. राज्यकारभाराची सूत्रे हाती आली तेव्हा अहिल्याबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या; सुटली ती थेट सत्तराव्या वर्षी, मृत्यूनेच. ज्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो ते जवळजवळ सगळे या अठ्ठावीस वर्षांतले आहे. हा थ्रेड त्याच वर्षांविषयी.

३/
पूर्वार्ध थोडक्यात पाहू. जन्म ३१ मे १७२५, चौंडी, आजचा जामखेड तालुका. वडील माणकोजी शिंदे. विवाह मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी. १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई ही अपत्ये झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या सती जावयास निघाल्या होत्या आणि मल्हाररावांनी विनवण्या करून त्यांना थांबवले, असे परंपरा सांगते. हा प्रसंग लक्षात ठेवावा. सदतीस वर्षांनी तोच प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहणार आहे, आणि त्या वेळी विनवणी करणाऱ्या त्या स्वतः असणार आहेत.

४/
पुढची बारा वर्षे त्या सासऱ्यांच्या हाताखाली तयार झाल्या. मल्हारराव सदैव मोहिमांवर. मागचा वसूल, फौजेची रसद, पत्रव्यवहार सुनेकडे. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी, तोफखान्याच्या आणि दारूगोळ्याच्या तजविजीविषयी, वाटेवरच्या चौक्यांविषयी सूचना आहेत. घरात बसलेल्या सुनेला कोणी अशी पत्रे लिहीत नाही. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. पुढे राज्य हाती आले ते नवख्या बाईच्या नव्हे. कामाची सवय अंगी मुरलेली होती. उत्तरायुष्यातील कर्तृत्वाची मुळे मधल्या वयात अशी निमूटपणे रुजलेली असतात.

५/
मग घर रिकामे होत गेले. १७६१ मध्ये सासू गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव गेले. सरदारकी मालेरावांना मिळाली, पण वर्षभरही टिकली नाही. १७६७ मध्ये तेही गेले. पती, सासू, सासरे आणि एकुलता मुलगा, चौघेही तेरा वर्षांत काळाच्या पडद्याआड. उरली विवाहित मुलगी मुक्ता. होळकरांच्या दौलतीला पुरुष वारस नाही, आणि दौलतीच्या मधोमध एक बेचाळीस वर्षांची विधवा उभी.

६/
त्या काळच्या रीतीने अशा बाईसाठी वाट आखलेली होती. दत्तक घ्यावा, कारभार कारभाऱ्यांवर सोपवावा, आपण तीर्थयात्रा आणि देव-देव करावे. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत जवळपास हाच होता : एखादे लहान मूल दत्तक घ्यायचे, म्हणजे कारभार आपसूक दिवाणाच्या हाती. त्यांना राघोबादादांचा पाठिंबा होता. अहिल्याबाईंनी नकार दिला. एका सरदाराची पत्नी आणि दुसऱ्याची माता या नात्याने वारस ठरवण्याचा अधिकार आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती.

७/
राघोबादादा फौजेनिशी माळव्यात असताना अहिल्याबाईंनी इतर मराठा सरदारांकडे मदतीची पत्रे पाठवली आणि आपली फौज सज्ज केली. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि राघोबादादांना माघार घ्यावी लागली. या प्रसंगातील चटकदार संवाद लोककथेने पुढे रंगवलेले आहेत. ते बाजूला ठेवले तरी निकाल पक्का आहे. सरदारकी आणि फौज तुकोजी होळकरांकडे, मुलूख आणि खजिना अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली. तुकोजी वयाने त्यांच्याहून मोठे, तरी त्यांना आई म्हणत, अशी नोंद आहे.

८/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मराठ्यांच्या इतिहासात वयोवृद्ध कर्त्या स्त्रिया अपवादापुरत्या नाहीत. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्यावर देखरेख ठेवणाऱ्या जिजाबाई सत्तरीकडे झुकलेल्या होत्या. महाराणी ताराबाईंना आपण औरंगजेबाशी झुंजणारी तरुण राणी म्हणून ओळखतो. पण नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात छत्रपती रामराजांना कैद करून पेशव्यांना आव्हान दिले, तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या होत्या. अहिल्याबाईंचे वेगळेपण सलगतेत आहे. अठ्ठावीस वर्षे, रोज, एकाच जागी बसून केलेला कारभार.

९/
हे आपल्याला कळते कशावरून? मुख्य आधार तीन. पहिला, पेशव्यांच्या वकिलांनी महेश्वरहून पुण्याला लिहिलेली बातमीपत्रे, ती द. ब. पारसनीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छापली. दुसरा, वा. वा. ठाकूर यांनी प्रसिद्ध केलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने. तिसरा, जॉन माल्कम. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव करून इंग्रज माळव्यात आले आणि माल्कम तेथील कारभार पाहू लागला. अहिल्याबाईंच्या पदरी वावरलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना विचारून, ताडून त्याने १८२३ साली लिहिले. तो विजेत्या पक्षाचा माणूस होता. होळकर घराण्यातील स्त्रीची स्तुती करण्यात त्याचा लाभ नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष वजनदार ठरते.

१०/
माल्कमने दिलेली दिनचर्या पाहावी. सूर्योदयापूर्वी तासभर उठणे, पूजा. मग पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान. नंतर शाकाहारी भोजन, पुन्हा प्रार्थना, थोडी विश्रांती. दोन प्रहर टळल्यावर, म्हणजे सुमारे दोन वाजता, दरबार. तो सूर्यास्तापर्यंत चाले. त्यानंतर दोन-तीन तास पूजाअर्चा आणि अल्पाहार. रात्री नऊला पुन्हा कामकाज सुरू, ते अकरापर्यंत. मग झोप. व्रतवैकल्याचे दिवस, सण आणि राज्यावरील संकट एवढीच कारणे हा क्रम मोडत.

११/
हिशेब करा. दुपारचे सुमारे चार तास आणि रात्रीचे दोन : दिवसाला सहा तास राज्यकारभार, आणि तोही साठीतील बाईचा. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. फिर्यादी थेट समोर येत. आपल्याकडे वय झालेल्या बाईला सांगितले जाते, ‘आता हरी हरी करा.’ अहिल्याबाईंनी हरी हरी भरपूर केले. पण त्यांच्या दिवसात देवघर आणि दरबार यांच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि एकाने दुसऱ्याची वेळ खाल्ली नाही. कारभारातील आपल्या प्रत्येक कृतीचा जाब देवापुढे द्यावा लागणार आहे, अशी त्यांची श्रद्धा होती, असे माल्कम नमूद करतो. कठोर उपाय सुचवणाऱ्या कारभाऱ्यांना त्या हेच ऐकवीत.

१२/
आता पैशाचा प्रश्न. येथे एक शब्द समजून घ्यावा : खासगी. होळकरांच्या मिळकतीचे दोन भाग होते. दौलत म्हणजे सरदारकीचा मुलूख. त्याच्या उत्पन्नातून फौज पोसायची आणि पेशव्यांकडे हिशेब द्यायचा. खासगी म्हणजे घराण्यातील स्त्रीच्या नावची स्वतंत्र जहागीर. १७३४ साली बाजीराव पेशव्यांच्या काळात ही खासगी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे करून देण्यात आली. त्यांच्यानंतर ती सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली.

१३/
सासूकडून सुनेकडे आलेला हा पैसा पुरुष वारसाच्या हातचा नव्हता. मंदिरे, घाट, बारव, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च प्रामुख्याने या खासगीतून झाला. उत्तरायुष्यात मनासारखे काम करता यायचे तर स्वतःच्या नावचे उत्पन्न हवे, ही गोष्ट अठराव्या शतकातही तितकीच खरी होती. ज्या असंख्य विधवांकडे ते नव्हते त्यांचे काय झाले असेल, याचा विचार अहिल्याबाईंचे कौतुक करताना अवश्य करावा. खासगीची परंपरा पुढे इतकी टिकली की संस्थान विलीन झाल्यावर १९६२ साली इंदूरला तिच्या नावाचा स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला.

१४/
या खासगीचे हात मराठवाड्यापर्यंत पोचले. औंढा नागनाथचा जीर्णोद्धार, लातूरहून अंबाजोगाईमार्गे गेल्यावर लागणाऱ्या परळी वैजनाथचा जीर्णोद्धार, वेरूळचे शिवालय तीर्थ ही कामे परंपरेने त्यांच्या नावावर आहेत. आता काळ आठवा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. ऑगस्ट १७६३ मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला पुन्हा लढाई झाली आणि तेथे मल्हारराव स्वतः होते. म्हणजे हा सारा टापू मराठे आणि निजाम यांच्या रणांगणाचा. त्याच टापूत मल्हाररावांची सून पाथरवटांना कामाला लावते.

१५/
दुसऱ्याच्या राज्यातील असे काम दोन गोष्टींवर उभे राहते. एक, दूरवर पैसा पोचवण्याची सोय. त्या काळी तो हुंडीने जाई आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत सावकारी पेढ्यांचे जाळे होते. दुसरी, स्थानिक सत्तेची संमती, निदान सहिष्णुता. माल्कमला एका माहितगाराने सांगितले की, निजाम आणि टिपू सुलतान हेही अहिल्याबाईंना पेशव्यांइतकाच मान देत, आणि हिंदूंबरोबर मुसलमानही त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत. सांगणारा त्यांचा चाहता होता, हे धरून चालू. तरीही औंढ्याचे शिखर निजामाच्या मुलखात उभे राहिले आणि उभे आहे, एवढे तर डोळ्यांना दिसते.

१६/
बाकीची कामे वयासह वाचून पाहावीत. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास पूर्ण झाले, वय पंचावन्न. सोमनाथचे मंदिर १७८३ च्या सुमारास, अठ्ठावन्न. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७, बासष्ट. शिवाय दक्षिणेकडील दूरदूरच्या देवस्थानांना ठरलेल्या वेळी गंगाजल पोचवण्याची व्यवस्था. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीत गरिबांना कपडे. शेतातून हुसकावल्या जाणाऱ्या पाखरांसाठी उभे पीक विकत घेऊन ते राखून ठेवीत, अशीही नोंद आहे. एकेक काम सुटे पाहिले तर ते पुण्य वाटते. सलग पाहिले तर मागे काम करणारे कचेरीचे मोठे यंत्र दिसू लागते.

१७/
केवळ मंदिरे बांधणारी साध्वी, ही प्रतिमा अपुरी आहे ती यासाठीच. माळव्यातील डोंगरवाटांवर भिल्ल वाटमारी करीत. अहिल्याबाईंनी आधी बळ वापरून पाहिले, मग तोडगा काढला : डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्प कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क मान्य केला आणि बदल्यात वाटसरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. हीच भिलकवडी. १७८७ मध्ये महादजी शिंद्यांना राजपुतान्यात माघार घ्यावी लागताच रामपुऱ्याचे चंद्रावत उठले आणि मेवाडने सरहद्दीवरची ठाणी घेतली. बासष्ट वर्षांच्या अहिल्याबाईंनी फौज रवाना केली. १७८८ मध्ये हडक्याखाळच्या लढाईत शिंदे-होळकरांच्या सैन्याने मेवाडी फौजेचा पराभव केला आणि रामपुऱ्याचे बंडही मोडले.

१८/
न्यायाच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते : निपुत्रिक विधवांची मालमत्ता. धनिक निपुत्रिक गेला की त्याच्या संपत्तीवर सरकारची नजर जाई आणि दत्तकाला मंजुरी देताना अधिकारी मोठी रक्कम मागत. सिरोंजच्या एका सावकाराच्या विधवेकडे अशी मागणी झाली. ती महेश्वरला येऊन पोचली. अहिल्याबाईंनी दत्तक मान्य केला, मुलाला मांडीवर घेतले, वस्त्रालंकार दिले आणि मागणी करणाऱ्या अधिकाऱ्याला दूर केले. खरगोणच्या सावकार घराण्यातील विधवा तर आपली संपत्ती त्यांनाच देऊ करीत होत्या. ती घेण्याचे नाकारून, ते धन लोकोपयोगी कामात लावा, असा सल्ला त्यांनी दिला.

१९/
दत्तकाच्या निमित्ताने आपल्याच घरात काय घडू पाहत होते, ते १७६७ मध्ये त्यांनी अनुभवले होते. तो अनुभव या निवाड्यांमागे असणार, असे मला वाटते. स्तुतीविषयी मात्र त्या कोरड्या होत्या. एका विद्वानाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असे म्हणाल्या, ग्रंथ नर्मदेत टाकण्याची आज्ञा दिली आणि त्या ग्रंथकाराकडे पुन्हा लक्ष दिले नाही. आज त्यांच्यावर होणारी भाषणे त्यांनी किती वेळ ऐकली असती, हा प्रश्न मनात येतो.

२०/
आता १७९१. वय सहासष्ट. वर्षभरापूर्वी मुक्ताबाईंचा एकुलता मुलगा गेलेला. या वर्षी जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. अहिल्याबाईंनी मुलीच्या पायांवर लोळण घेऊन विनवले. मुक्ताबाईंचे उत्तर माल्कमने दिले आहे, त्याचा आशय असा : आई, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांनी तूही जाशील. मूल गेले, पती गेला. तू गेल्यावर माझे जगणे असह्य होईल आणि सन्मानाने मरण्याची वेळही तेव्हा निघून गेलेली असेल.

२१/
हे उत्तर थांबून वाचावे. आईने वैधव्यानंतरची सदतीस वर्षे कशी जगून दाखवली, हे त्या मुलीने जन्मभर पाहिले होते. तरीही तिला आपल्यापुढे तसे आयुष्य दिसले नाही. आईजवळ खासगी होती, अधिकार होता, रोज भरणारा दरबार होता. अपवाद डोळ्यांसमोर असला तरी तो दुसऱ्याला वाट म्हणून पुरत नाही, हे येथे इतके जवळून दिसते की वाचणे जड जाते. एकोणतिसाव्या वर्षी ज्यांना थांबवता आले, त्यांना आपल्या त्रेचाळीस वर्षांच्या लेकीला थांबवता आले नाही.

२२/
अहिल्याबाई नर्मदाकाठी गेल्या. चितेपाशी दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा संयम सुटला. नंतर तीन दिवस त्या अन्नावाचून, कोणाशी न बोलता राहिल्या. आणि मग पुन्हा कामाला लागल्या. लेकीच्या आणि जावयाच्या स्मरणार्थ वास्तू उभारून घेण्यात त्यांना थोडा विसावा मिळाला, असे माल्कम लिहितो. त्यानंतर आणखी चार वर्षे दुपारचा दरबार भरत राहिला. याला धीर म्हणावे की दुसरे काही, हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही.

२३/
त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फौज तुकोजींकडे आणि खजिना आपल्याकडे, ही वाटणी आरंभी सोयीची होती. पण मोहिमांचा खर्च वाढत गेला तशा पैशांच्या मागण्या वाढल्या आणि दोघांमध्ये ताण निर्माण झाला. वारसाचा प्रश्न त्या सोडवू शकल्या नाहीत. १७९७ मध्ये तुकोजी वारले आणि मुलांत कलह पेटला. पुढे वीस वर्षांत महिदपूर झाले आणि मंदसोरच्या तहाने होळकर इंग्रजांचे अंकित बनले. एका व्यक्तीच्या शिस्तीवर उभा असलेला कारभार त्या व्यक्तीनंतर टिकेलच, असे नसते.

२४/
मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. होळकरांची फौज तेथे होती. खर्डा जामखेड तालुक्यातच. म्हणजे अहिल्याबाईंच्या जन्मगावाच्या शेजारी. पाच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, त्या महेश्वरला गेल्या. माल्कम त्यांचे वय साठ देतो. आज मान्य असलेल्या जन्मतारखेने ते सत्तर होते. इतका चौकस लेखक दहा वर्षांनी चुकला. अतिश्रम आणि कडक उपवास यांनी त्या झिजल्या, असे मात्र तो स्पष्ट नोंदवतो. त्याच काळात रशियावर राज्य करणारी दुसरी कॅथरीन पुढच्याच वर्षी सदुसष्टाव्या वर्षी गेली. जगाच्या दोन टोकांना दोन वयस्क स्त्रियांनी जवळपास सारखाच काळ सत्ता सांभाळली, पण कॅथरीनला पतीची गादी उलथवून ती मिळाली होती.

२५/
२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. चौकाचौकांत पुतळे आहेत : पांढरे वस्त्र, हाती शिवपिंड, चेहऱ्यावर शांत भाव. चित्र खोटे नाही. पण त्यात दुपारी दोनचा दरबार नाही, रात्री नऊनंतर उजेडात वाचलेले कागद नाहीत, गौतमाबाईंकडून आलेली खासगी नाही आणि मुक्ताबाईंचे उत्तरही नाही. वयस्क स्त्रीच्या कामाला आपण फार लवकर पुण्य म्हणून मोकळे होतो. मग ते काम होते, त्याला श्रम, पैसा आणि डोके लागले, हे विसरायला सोपे जाते.

२६/
तेव्हा औंढ्याला गेलात तर खालच्या कोरीव दगडाबरोबर वरच्या साध्या शिखराकडेही थोडा वेळ पाहा. बरोबर आजी असतील तर त्यांना सांगा : हे करवून घेणारी बाई तुमच्याच वयाची होती. आणि त्या हसून म्हणाल्या की ‘आमचं काय आता’, तर त्यांनी स्वतः या वयात काय काय चालवले आहे, ते जरा सविस्तर विचारा. लिहूनही ठेवा. अहिल्याबाईंची माणसे हयात असतानाच विचारणारा कोणी भेटला, म्हणून त्यांचा दिवस आपल्याला तासांनिशी ठाऊक आहे. (समाप्त)